देवाने क्षमा केली, मग हे भोगणं संपत का नाही?

सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून प्रश्न थोडक्यात मांडतो आणि ओळख पटेल असं सगळं वगळतो.

तुमची बरीच वर्षं दारूत गेली. बायकोचे दागिने गहाण पडले आणि बुडाले. वडिलांच्या जमिनीतला बहिणीचा वाटा तुम्ही गोड बोलून हक्कसोड पत्रावर सही घेऊन आपल्या नावावर केला आणि पुढे त्यातला तुकडा विकला. मग प्रभूने गाठलं. पश्चात्ताप केलात, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. पण डॉक्टरांनी लिव्हर सिरॉसिस सांगितलाय, थोरली मुलगी तुमच्याशी बोलत नाही, बहीण नाताळलाही माहेरी येत नाही. मंडळीतले (चर्चमधले) एक वडीलधारे पुढारी म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, किंवा घराण्यात शाप आहे." तुम्ही विचारता की क्षमा खरी असेल तर शिक्षा चालू का? आणि मुलगी माफ करेपर्यंत प्रभुभोजनापासून, म्हणजे मंडळीतल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर राहावं का?

आधी सरळ उत्तर. क्षमा खरी आहे आणि पूर्ण आहे. देव हप्त्याहप्त्याने क्षमा करत नाही. ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाहीच, असं पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत लिहितो, आणि त्याला "लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला तर" अशी अट जोडत नाही. तुमच्या आयुष्यात जे चाललंय त्याला तुम्ही सरसकट "शिक्षा" म्हणता आणि घोटाळा तिथेच होतो. लिव्हर, मुलगी, बहीण आणि रात्री तुम्हाला झोपू न देणारा तो आतला आवाज, या चार गोष्टी एका गाठोड्यात बांधल्यात तुम्ही. चौघींचा उगम तुमच्या पापात असेल, पण प्रत्येकीशी वागायची रीत वेगळी आहे.

दावीद राजाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल: त्याने आपल्या शिपायाची, उरीयाची, बायको बथशेबा आणवून घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं. तरी एकदा सावकाश वाचा. 2 शमुवेल 11 पासून 18 पर्यंत, एका बैठकीत. आपल्याकडे उपदेशात बाराव्या अध्यायावर गाडी थांबते. नाथान संदेष्टा येतो, मेंढीची गोष्ट सांगतो, "तो मनुष्य तूच आहेस" म्हणतो, दावीद कबूल करतो, संपलं. पण तेराव्या वचनात काय घडतं बघा. दाविदाच्या तोंडून कबुलीचं एक वाक्य निघतं आणि त्याच वचनात नाथान सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. कबुली आणि क्षमा यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नाही. उपास नाही, नवस नाही, "बघू, सुधारतोस का" नाही. आणि पुढच्याच वचनात "तथापि" येतं.

या "तथापि"नंतरचे अध्याय मी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पुरुषांना मुद्दाम वाचायला लावतो, कारण परिणाम कसा चालतो ते तिथे दिसतं. दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार करतो. दाविदाला कळतं, तो संतापतो आणि काहीच करत नाही. का करत नाही? दुसऱ्याची बायको उचलून आणणाऱ्या बापाने मुलाला कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? त्या गप्प बसण्यातून दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाला मारतो, गशूरला पळतो, तीन वर्षं तिकडे राहतो. परत आल्यावरही बापाचं तोंड आणखी दोन वर्षं बघायला मिळत नाही. शेवटी तो बंड करतो आणि बापाच्या उपपत्नींसाठी वाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकतो. बथशेबा जिथून दिसली ती गच्चीच. इथे आकाशातून वीज पडलेली नाही. घरातली माणसं घरातलं पाहून शिकली आणि घराचा कारभारी आवाज गमावून बसला. देवाने "तरवार तुझ्या घरातून हलणार नाही" म्हटलं होतं. ती तरवार चालली ती अशी, माणसांच्या हातांनी.

आता दुसरी बाजू. अबशालोमापुढून पळताना शिमी नावाचा माणूस वाटेत दगड मारतो, शिव्या देतो. दाविदाचा सरदार अबीशय म्हणतो, याचं मुंडकं उडवू का? दावीद म्हणतो, राहू दे, शिव्या देऊ दे. मला हा माणूस इथे स्तोत्रं गाताना दिसतो त्याहून मोठा दिसतो. देवाने टाकलं नाही याची त्याला खात्री आहे, म्हणूनच शिव्या खाताना त्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. क्षमा मिळालेल्या माणसाने परिणाम कसे सोसावेत, याचं याहून चांगलं चित्र जुन्या करारात मला सापडलेलं नाही.

आणि त्याच घरात, त्याच बथशेबेच्या पोटी, शलमोन जन्मतो आणि परमेश्वराची त्याच्यावर प्रीती आहे असा निरोप घेऊन येतो तो नाथानच. जो दोष दाखवायला आला होता, तोच. पुढे मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ वाचा. तिथे बथशेबेचं नाव नाही. शलमोन हा दाविदाला "उरीयाच्या बायकोपासून" झाला, असं लिहिलंय. देवाने त्या घरातून ख्रिस्त आणला, पण मारल्या गेलेल्या शिपायाचं नाव कागदावरून खोडलं नाही. दाविदाच्या शूर वीरांची यादीही उरीया हित्ती याच्याच नावाने संपते. क्षमा म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव पुसणं नव्हे. तुमच्या बहिणीबद्दल लिहिताना हे पुन्हा येईल.

एक सावधगिरी इथेच सांगतो. दाविदाचं तान्हं मूल गेलं ते पापामुळे, हे नाथानाने सांगितलं, कारण त्याला तसं सांगायला पाठवलं होतं. आपल्यापैकी कोणाला पाठवलेलं नाही. मूल गेलेल्या घरात जाऊन "काही पाप असेल" म्हणणाऱ्या विश्वासणाऱ्यांना मी पाहिलंय आणि मला त्यांचा राग येतो. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला तेव्हा येशूने तो मोडून काढला (योहान 9). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, असं त्याने स्वतःच विचारलं आणि "नाही" असं उत्तर दिलं. प्रत्येक पापाला काही ना काही फळ येतं. पण प्रत्येक दुःखाच्या मुळाशी त्याच माणसाचं पाप नसतं.

आता तुमचं लिव्हर. यावर फार लिहीत नाही, कारण इथे गूढ काही नाही. नुसतं फॅटी लिव्हर असतं तर दारू सुटल्यावर बरंच सावरलं असतं. सिरॉसिसमध्ये पडलेले व्रण सहसा जात नाहीत, मात्र दारू पूर्ण बंद ठेवली आणि औषधपाणी, तपासण्या नीट केल्या तर आजाराची चाल मंदावते आणि आयुष्य वाढतं. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, मीही करेन. पण गोळ्या बंद करून "विश्वासाने" राहायला कोणी सांगितलं तर त्या माणसाचं ऐकू नका. वधस्तंभावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोक देऊ केला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी शिपायांनी त्याचे पाय मोडले. क्षमा मिळाल्याने तो वधस्तंभावरून खाली उतरला नाही. त्याच्या विश्वासात कमी काय होतं?

मुलीचं मात्र अवघड आहे, कारण तिथे तुमच्या हातात फार थोडं आहे.

तुम्ही लिहिलंय, "देवाने माफ केलं, हिला काय झालंय?" हे वाक्य घरात बोलला असाल तर पुन्हा बोलू नका. देवाची क्षमा ही तुम्हाला मिळालेली देणगी आहे, मुलीच्या तोंडावर फेकायची पावती नाही. आमच्या मंडळीतल्या एका भगिनीचा नवरा असाच बदलला, खरोखर बदलला. वर्षभराने ती मला म्हणाली, "पाळक साहेब, ह्यांना देवाने एका रात्रीत माफ केलं. मला रोज सकाळी उठून करावं लागतं." तिचा नवरा न्हाणीघरातून बाहेर आला की ती काहीतरी निमित्त काढून त्याच्या जवळून जायची, वास घ्यायला. पगाराच्या दिवशी त्याच्या आधी बस स्टॉपवर उभी राहायची. तिचा प्रभूवर विश्वास नव्हता असं नाही. शरीराला सवय लागलेली असते. रात्री अकराला कडी वाजली की छातीत धडधडतं, मग आलेला माणूस शुद्धीत असो की नसो. तुमच्या मुलीने लहानपणी किती रात्री ती कडी ऐकली असेल, याचा हिशेब तुमच्याकडे नाही. तिच्याकडे आहे.

म्हणून तिच्याकडे क्षमा मागा, एकदा, नीट, स्पष्ट. काय काय केलंत ते नाव घेऊन सांगा. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर" ही भाषा नको. चुकलं असेल तर नव्हे, चुकलंच आहे. "दारूमुळे झालं" असंही नको. त्याचबरोबर तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. रडत रडत दहा पानांचं पत्र लिहून तिच्या हातात देऊ नका, त्याने तुमचं मन हलकं होईल आणि ओझं तिच्या डोक्यावर जाईल. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी नववी पायरी तुम्हाला माहीत असेल: ज्यांचं नुकसान केलं त्यांची प्रत्यक्ष भरपाई करायची, मात्र तसं करण्याने त्यांना किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तर नाही. हा "मात्र" फार शहाणपणाचा आहे. आपल्या साक्षीच्या सभांमध्ये तो विसरला जातो. भर सभेत बायकोला मारल्याची कहाणी रंगवून सांगणारा नवरा आणि पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेली ती, हे दृश्य मला सहन होत नाही.

विश्वास परत मिळणं वेगळं आणि क्षमा मिळणं वेगळं. मुलगी तुम्हाला मनापासून क्षमा करेल आणि तरी आपल्या लेकराला तुमच्या जवळ एकटं ठेवणार नाही, असं होऊ शकतं. तो तिचा हक्क आहे आणि त्यात तिचं पाप नाही. पुढारी मंडळींना उद्देशून एवढंच, की मारझोड करणाऱ्या नवऱ्याकडे "सत्तर वेळा सात" सांगून बाईला परत पाठवू नका. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर "तो पश्चात्ताप करतोय, घरातल्या घरात मिटवू" हा मार्गच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही.

क्षमा आणि कायदा एकमेकांना मारक नाहीत, याची दोन उदाहरणं आपल्याच देशात आहेत. ओडिशात मनोहरपूरला 1999 च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना गाडीत जिवंत जाळलं. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. आणि तितक्याच स्पष्टपणे हेही सांगितलं की क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ग्लॅडिसबाईंची क्षमा त्यामुळे खोटी ठरली नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या प्रश्नाला आणखी जवळचं आहे. मध्य प्रदेशात इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये 25 फेब्रुवारी 1995 रोजी समुंदर सिंह नावाच्या तरुणाने सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. त्या आदिवासींना सावकारीतून सोडवायचं काम करत होत्या आणि ते काहींना खुपत होतं. समुंदर सिंहला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. बहिणीच्या खुन्याला भाऊ केलं. पण नीट पाहा, राखी बांधून सिस्टर सेल्मी बाहेर आल्या आणि तो आतच राहिला. सुटला 2006 साली, तेही तिच्या घरच्यांनी त्याच्यासाठी अर्ज केल्यावर. मधली चार वर्षं तो कोण होता? क्षमा मिळालेला कैदी. दोन्ही शब्द खरे. सुटल्यावर तो केरळात तिच्या आईवडिलांना भेटायला गेला. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तोही तिथे होता. त्याच्या आयुष्यातून 25 फेब्रुवारी 1995 ही तारीख कोणी काढू शकत नाही. ती तारीख घेऊनच तो त्या घरात मुलासारखा शिरला.

आता बहिणीकडे येतो. माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच भाग सगळ्यात मोठा आहे, आणि तुम्ही तो दीड ओळीत उरकलाय. लिव्हर दुरुस्त करणं तुमच्या हातात नाही, मुलीचं मन तुमच्या हातात नाही. बहिणीची जमीन आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय सहाव्या अध्यायात यादीच दिलीय: शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणं, लुबाडणं, सापडलेली वस्तू नाकारणं, खोटी शपथ घेणं. अशा माणसाने मूळ वस्तू परत द्यायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि त्याच दिवशी दोषार्पण आणायचं. गणना पाचव्या अध्यायात तर पुढची अडचणही सोडवलीय. ज्याला द्यायचं तो हयात नसेल आणि त्याचा जवळचा नातलगही नसेल, तर ती भरपाई याजकामार्फत परमेश्वराला द्यायची. म्हणजे "तो माणूसच राहिला नाही हो" म्हणून पैसे आपल्याकडे ठेवायची सोय नाही. दागिने गहाण ठेवलेल्या सराफाचं, उधारी दिलेल्या वाण्याचं, जुन्या मित्रांचं जे राहिलंय, त्यांनाही हे लागू पडतं. वहीत लिहून काढा. रक्कम आठवत नसेल तर अंदाज धरा, पण स्वतःच्या बाजूने धरू नका.

येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर पाचव्या हिश्शावर भागवलं नाही. तो चौपट म्हणाला, जो दर नियमशास्त्रात मेंढरू चोरून कापून खाणाऱ्याला आहे. म्हणजे सवलतीचा दर सोडून त्याने स्वतःला चोराच्या रांगेत उभं केलं. पण क्रम विसरू नका. येशूने "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" म्हटलं तेव्हा जक्कयाने एक दमडीही परत केलेली नव्हती, तो झाडावर होता. पाहुणा आधी घरात आला, तिजोरी नंतर उघडली. भरपाई करून क्षमा विकत घेता येत नाही. क्षमा मिळालेल्या माणसाला लोकांची देणी अंगावर घेऊन झोप येत नाही, एवढंच. आपल्यात उलटी सोयही फार चालते. देवाशी हिशेब मिटला की माणसांची खाती बंद झाली असं समजायचं. पौलाने तसं समजलं नाही. फिलेमोनाचा दास अनेसिम पळून आला, प्रभूत आला, पौलाला पोटच्या मुलासारखा झाला, तरी पौलाने त्याला फिलेमोनाकडे परत पाठवलं आणि वर लिहिलं की त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड.

तुमच्या बाबतीत करायचं असं. ख्रिस्ती कुटुंबाला वारसाहक्कासाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी आहेत. म्हणजे तुम्ही बहिणीला जे द्याल ते उपकार म्हणून नव्हे. हक्कसोड पत्र नोंदलेलं असल्याने नुसतं "घे, तुझंच आहे" म्हणून भागणार नाही. चांगला वकील गाठून बक्षीसपत्र करायचं की दुसरा दस्त, मुद्रांक शुल्क किती, हे विचारा. दस्त नोंदवा, फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचं नाव चढेपर्यंत तलाठ्याकडे खेटे तुम्ही घाला, तिला घालायला लावू नका. खर्च तुमचा. विकलेल्या तुकड्याचे पैसे आजच्या भावाने काढा, विकला त्या भावाने नव्हे. एकदम देणं जमणार नसेल तर हप्ते बांधा आणि ते कागदावर घ्या. बायकोला आणि मुलांना आधी सांगा, कारण त्यांच्या तोंडचा घासही यात आहे.

आणि कागद घेऊन गेलात म्हणून बहिणीने गळ्यात पडावं, ही अपेक्षा घरीच ठेवून जा. ती म्हणेल, "इतकी वर्षं कुठं होतास?" ऐकून घ्या. शिमीची आठवण ठेवा.

आता मंडळीतल्या त्या पुढाऱ्यांनी सांगितलेल्या शापाबद्दल. "बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले" ही म्हण इस्राएलात चालायची आणि यहेज्केल अठराव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, ही म्हण आता बंद. बापाच्या दारूचा परिणाम मुलांवर होतो, हे मला कोणी शिकवायला नको, मी तशी घरं पाहतो. पण त्याला शाप म्हणून तो तोडायला खास सभा, खास तेल आणि खास अर्पण मागणाऱ्यांपासून लांब राहा. आपल्या समाजात "भोग आहेत, भोगून संपवायचे" ही समजूतही खोल रुजलेली आहे, आणि आपण विश्वासणारे ती नकळत मंडळीत घेऊन येतो. तुम्ही सोसताय त्याने तुमच्या पापाची उरलेली किंमत फिटत नाहीये. ती ख्रिस्ताने फेडली. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय सोसण्याकडे बापाची शिस्त म्हणून पाहायला शिकवतो, आणि शिस्त लावली जाते ती घरातल्या मुलाला.

त्याच अध्यायात एसाव अश्रू ढाळूनही परतला नाही असं काहीतरी आहे, म्हणून तुम्ही घाबरलाय. उत्पत्ती 27 उघडा. एसाव रडतोय तो धाकट्या भावाने बापाचा आशीर्वाद फसवून लाटला म्हणून. गेलेला ज्येष्ठपणा परत येत नाही, हा त्या गोष्टीचा भार आहे. देवाकडे वळणाऱ्याला देव हाकलतो, असं तिथे कुठेही नाही.

वसईचे कॅथलिक मित्र हे सगळं थोड्या वेगळ्या चौकटीत मांडतात. पापनिवेदनात दोष सुटतो, सार्वकालिक शिक्षा जाते, पण पापाने केलेली मोडतोड आणि ऐहिक शिक्षा उरते, म्हणून धर्मगुरू प्रायश्चित्त देतात. सोळाव्या शतकात युरोपात भांडण पेटलं ते याच उरलेल्या शिक्षेच्या सवलती विकल्या जाऊ लागल्या म्हणून. "ऐहिक शिक्षा" हा शब्द मी वापरत नाही, प्रॉटेस्टंट असल्याने मला तो वधस्तंभावरून काहीतरी वजा केल्यासारखा वाटतो. पण मोडलेलं दुरुस्त करायला उठावं लागतं, हा त्यांचा आग्रह बरोबर आहे. आपल्या लोकांनी कृपेच्या नावाखाली तो फार सैल सोडलाय.

राहिला तो रात्रीचा आवाज. पौलाने दोन दुःखं वेगळी केलीत, देवाच्या इच्छेला धरून असणारं आणि जगाचं. ओळखायची खूण सांगतो. एक आवाज नेमकं काम सांगतो: बहिणीकडे जा, त्या वाण्याचे पैसे दे. काम केलं की तो शांत होतो. दुसरा कामच सांगत नाही. तो फक्त म्हणतो, तू असाच आहेस, तुझं काही खरं नाही. पहिल्याचं ऐका. दुसरा फार जोर करायला लागला, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर पाळकाबरोबरच मनोविकारतज्ज्ञालाही भेटा. दारू सोडलेल्या माणसात नैराश्य दिसतं, त्यावर उपचार आहेत. करिंथच्या मंडळीत एकाला शिक्षा झाली होती, तेव्हा पौलानेच लिहिलं की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अतिदुःखाने तो गिळला जाईल.

शेवटचा प्रश्न प्रभुभोजनाचा. मुलगी माफ करेपर्यंत थांबू नका. तिच्या क्षमेवर तुमचं प्रभूच्या मेजावरचं स्थान ठरत नाही, आणि ते तिच्यावर ढकललंत तर तो तिच्यावर आणखी एक दबाव होईल. 1 करिंथ 11 मध्ये माणसाने आत्मपरीक्षा करावी "आणि मग" भाकर खावी असं आहे, परीक्षा करून घरी जावं असं नाही. बहिणीचं मात्र वेगळं आहे. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असं येशू म्हणतो. तिच्याकडे जाणं तुमच्या हातात आहे आणि तुम्ही अजून गेलेला नाही. प्रभुभोजन बहुधा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी असेल. त्याआधी वकिलाकडून कच्चा मसुदा करून घ्या आणि तिच्या गावी जाऊन या. तिने दार उघडलं नाही तरी परत येऊन मेजाशी बसा.